झाकलेली मूठ आणि रिकामी मूठ

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत टॉम बॉम्बाडिल नावाचा एक माणूस नायक फ्रोडोकडून त्याच्याजवळची जादूची अंगठी मागून घेतो. डोळ्यासमोर धरून तिच्या गोलातून पाहतो, करंगळीच्या टोकावर चढवतो, मेणबत्तीच्या उजेडात धरतो. काहीच होत नाही. जी अंगठी बोटात घालताच माणूस दिसेनासा होतो, ती घालूनही हा बाबा समोर तसाच बसलेला. मग तो ती हवेत भिरकावतो, आणि आता अंगठीच लखकन नाहीशी होते. फ्रोडोच्या तोंडून आवाज निघतो. टॉम पुढे वाकतो आणि हसत ती त्याच्या हातात परत देतो. आपली अंगठी बदलली तर नाही ना, या शंकेने फ्रोडो ती गुपचूप घालून पाहतो. मित्र दचकतो, कारण त्याला फ्रोडो दिसत नाही. टॉमला मात्र लख्ख दिसतो. तो त्याला सरळ सांगतो, अंगठी काढ आणि ये, बस इथे.

१९५४ साली छापलेल्या त्या पहिल्या खंडातला हा प्रसंग जेमतेम पानाभराचा आहे. हा माणूस कोण, कुठून आला, अंगठी त्याच्यावर का चालत नाही, हे पुढच्या हजारभर पानांत कुणीच सांगत नाही. फ्रोडो त्याच्या बायकोला, गोल्डबेरीला, विचारतो, तर तिचं पहिलं उत्तर एवढंच की तो आहे. अख्ख्या कादंबरीची ६२ प्रकरणं, आणि त्यांतल्या तिनांत हा प्रत्यक्ष भेटतो. तरी सत्तर वर्षं वाचक त्याच्यावर बोलत आहेत.

आता त्याच खंडात पुढे काय होतं ते बघा. अंगठीचं काय करायचं हे ठरवायला एल्फांचा अधिपती एलरॉन्डकडे सभा भरते आणि कुणीतरी सुचवतं की अंगठी बॉम्बाडिलकडेच ठेवायला द्यावी. त्यावर जादूगार गॅन्डाल्फ जे सांगतो ते अगदी मोजूनमापून आहे. अंगठीची त्याच्यावर सत्ता चालत नाही. पण तो अंगठीत काही बदल करू शकत नाही, आणि इतरांवरचा तिचा अंमलही उतरवू शकत नाही. स्वतःच आखून घेतलेल्या सीमेबाहेर तो पाऊल टाकत नाही. आणि अंगठी दिलीच, तर तो ती विसरेल, बहुतेक फेकूनही देईल, कारण असल्या गोष्टी त्याच्या मनात टिकत नाहीत. शेवटी असंही निघतं की बाकी सगळं पडलं तर तोही पडेल, सगळ्यांत शेवटी. म्हणजे काय चालतं, काय चालत नाही, कुठवर चालतं, आणि भरवसा का ठेवता येत नाही, हे सगळं वाचकाला मिळालं. मिळालं नाही ते फक्त 'कोण' आणि 'का'.

टोल्कीन यांनी एप्रिल १९५४ मध्ये लेखिका नाओमी मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रात हे मुद्दाम केल्याचं कबूल केलं आहे. पुराणकाळाच्या गोष्टीतसुद्धा काही कोडी राहायला हवीत, ती नेहमीच असतात, आणि बॉम्बाडिल हे त्यांतलं एक, असा त्याचा आशय.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. फँटसीच्या बाबतीत ही म्हण अर्धीच खरी आहे. मूठ झाकलेली असली तरी ती भरलेली आहे की रिकामी, हे वाचकाला धरण्यावरून कळतं. काहीतरी नाजूक धरलेला हात आणि नुसता आवळलेला हात एकसारखे दिसत नाहीत. गूढ पात्रं आणि न उलगडलेली जादू आवडणाऱ्या आम्हा वाचकांवर एक आरोप नेहमी होतो, की तुम्हाला धूसर, अर्धवट काहीही चालतं. अजिबात चालत नाही. उलट, कारण झाकायचं असेल तर परिणाम दुप्पट नेमके लागतात. बॉम्बाडिल टिकला तो त्या करंगळीच्या टोकामुळे, त्या मेणबत्तीमुळे आणि त्या चार अटींमुळे.

आधी एक फरक स्वच्छ करून घेऊ, कारण अर्धी भांडणं तिथून सुरू होतात. कोडं वेगळं आणि गूढ वेगळं. कोड्यात लेखक आपल्याकडून उसनं घेतो आणि शेवटी व्याजासकट फेडतो. खून कुणी केला, राजाचा खरा वारस कोण, पत्र कुणी लिहिलं. हे फेडलं नाही तर वाचक फसवला गेला असं म्हणणं रास्त आहे. गूढात उधारी नसते. जंगल किती खोल आहे हे न सांगणारा लेखक आपलं काही देणं लागत नाही. पुस्तक वाचताना आपण कशात आहोत हे ओळखायची एक सोपी खूण आहे. एखादी गोष्ट कथेतली माणसं स्वतः शोधत असतील, तिच्याबद्दलचे धागे ठरावीक अंतराने येत असतील आणि प्रत्येक धागा आधीच्या एखाद्या शक्यतेवर फुली मारत असेल, तर ते कोडं आहे. उत्तराची वाट बघा. पण जिच्याबद्दल कुणी शोध घेतच नाही, जिला वळसा घालूनच सगळे जगतात, आणि प्रत्येक नव्या उल्लेखाने शक्यता कमी न होता वाढतात, ते गूढ. तिथे उत्तराची वाट बघत बसलात तर पुस्तक हातातून निसटेल.

घोळ होतो तो लेखकाने कोड्याचे धागे टाकून शेवटी गूढाचा आव आणला की. तीन खंड सांगत राहायचं की काळ्या मनोऱ्यात काय आहे ते कळेल, आणि चौथ्यात म्हणायचं की काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या. ही थाप आहे आणि वाचकाचा राग योग्य आहे. उलट दिशेची चूकही तितकीच होते. सुरुवातीला निव्वळ गूढ म्हणून आलेली गोष्ट लोकांना आवडली, म्हणून पुढच्या भागात तिला वंशावळ जोडायची.

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली अनुभावांची, म्हणजे भावनेच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांची, यादी जास्त उपयोगी वाटते. डोळे विस्फारणं, पापणी न लवता पाहत राहणं, अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी, घाम. ही सगळी पाहणाऱ्याची लक्षणं आहेत. अद्भुत वस्तूचं वर्णन करून विस्मय उभा राहत नाही, तो पाहणाऱ्याच्या अंगावर दिसतो, ही रंगभूमीवरची जुनी जाण आहे आणि कादंबरीत ती तशीच्या तशी लागू पडते. म्हणून फँटसी वाचताना जादूकडे बघण्याआधी जादूच्या आसपासच्या माणसांकडे बघा. कोण घाबरलं, कोण मुळीच घाबरलं नाही, कुणी विषय बदलला, कुणी नाव घेताना आवाज खाली आणला, कोणत्या वाटेने गाव जात नाही. चांगल्या लेखकाने खरी माहिती तिथे ठेवलेली असते.

हे जवळून दाखवण्यासाठी एक छोटा तुकडा इथेच रचतो.

"दिवेलागण झाली की गढीचा दरवाजा बंद होण्याआधी प्रत्येकाने म्हाताऱ्यापाशी जाऊन त्याच्या कानात एक शब्द सांगायचा. सांगितलेला शब्द उजाडेपर्यंत त्या माणसाला आठवत नसे. लोहार बहुतेक वेळा एखाद्या मोडीत निघालेल्या हत्याराचं नाव देई. सैनिक लांबच्या नद्यांची नावं पाठ करून ठेवत, फक्त देऊन टाकण्यासाठी. त्या संध्याकाळी रांगेत पहिल्यांदाच चार वर्षांचा मुलगा उभा होता. तो चवड्यांवर उंच झाला आणि म्हणाला, 'आई'. म्हाताऱ्याने त्याच्या ओठांवर तळहात ठेवला. 'हा नको,' तो म्हणाला. 'दुसरा सांग.' मागे उभ्या असलेल्या सैनिकांपैकी दोघांनी मान खाली घातली."

यात काय काय सांगितलं ते मोजू. वेळ: दिवेलागण ते उजाडणं. प्रमाण: माणशी एक शब्द, रोज. किंमत: शब्द रात्रभर जातो, सकाळी परत मिळतो. लोकांनी या व्यवस्थेशी कसं जुळवून घेतलं: स्वस्त शब्द साठवून ठेवतात, नद्या पाठ करतात. म्हाताऱ्याला मर्जी आहे: तो नाकारू शकतो. आणि शेवटच्या वाक्यातून कळतं की यापूर्वी कुणाकडून तरी असा शब्द घेतला गेला आहे, किंवा कुणी तो आपणहून दिला आहे. सांगितलं नाही ते एवढंच: म्हातारा कोण, शब्दांचं तो काय करतो, आणि न सांगता दरवाजा लावला तर काय होईल.

आता हाच तुकडा बिघडवून बघू. पहिली रीत, जास्त सांगून: "म्हातारा शब्दभक्षकांच्या प्राचीन वंशातला शेवटचा वारस होता. प्रत्येक शब्दातून त्याला शक्ती मिळे आणि तिच्या जोरावर तो गढीभोवतीचं कवच उभं ठेवी. भावना जितकी तीव्र तितकी शक्ती जास्त." झालं. 'आई' हा शब्द आता सगळ्यांत जास्त शक्तीचा ठरला, आणि म्हाताऱ्याने तो नाकारणं म्हणजे इंधन वाया घालवणं. आधी जी दया होती तिचा हिशेब झाला. शिवाय वाचकाच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो की संकटात सगळ्यांनी तीव्र शब्द का देऊ नयेत, आणि लेखकाला आता त्याचं उत्तर देत बसावं लागणार. एक कारण सांगितलं की त्याच्यामागे दहा नियम सांगावे लागतात, ही या कामातली सगळ्यांत महागडी गोष्ट आहे.

दुसरी रीत, कमी सांगून: "म्हातारा प्रत्येकाकडून काहीतरी घेई. कुणी म्हणे शब्द, कुणी म्हणे स्वप्न, कुणी म्हणे त्याहून भयंकर काही. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं." ही रिकामी मूठ. रांगेत रोज उभ्या राहणाऱ्या माणसांना आपण काय दिलं हे ठाऊक नसेल, हे पटतच नाही. दोन्ही बिघाडांची जागा एकच आहे. पहिल्याने कारण उघडं केलं, दुसऱ्याने कारणाबरोबर परिणामही झाकला.

लिहिणाऱ्यांनी यासाठी कामाचा एक कागद वेगळा ठेवावा. जादूचं किंवा पात्राचं नाव वर, आणि खाली पाच ओळी: काय करता येतं, काय कधीच करता येत नाही, किंमत काय आणि ती कोण भरतं, कुणाकुणाला याची किती माहिती आहे, आणि लोकांनी त्याभोवती कोणत्या सवयी लावून घेतल्या आहेत. उगमाची सहावी ओळ लिहिली तरी चालेल, कोरी ठेवली तरी चालेल. पहिल्या पाच मात्र कोऱ्या ठेवून चालत नाहीत. पुस्तकात त्यातलं निम्मंच शब्दांत यावं. उरलेलं पात्रांच्या वागण्यातून झिरपतं, आणि लेखकाला ते माहीत असल्यामुळेच वागण्यात विसंगती येत नाही. विसंगती आली की वाचक एका क्षणात ताडतो. पहिल्या प्रकरणात वाहतं पाणी ओलांडू न शकणारी सावली बाराव्या प्रकरणात नदीपलीकडे उभी दिसली आणि कुणी चकार शब्दही काढला नाही, तर ते गूढ नव्हे, विसरणं आहे.

आता जादूने अडचण सोडवण्याबद्दल. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये मांडलेला पहिला नियम बहुतेकांना ठाऊक असतो: वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकीच लेखक तिच्या आधारे पेच समाधानकारकपणे सोडवू शकतो. या नियमाचा वापर बरेच जण गूढ जादूला हिणवण्यासाठी करतात. तसं त्यात काही नाही. न समजलेली जादू वाईट, असं तो नियम म्हणत नाही. तिच्याकडून कोणतं काम करून घेऊ नये, एवढंच तो सांगतो. न उलगडलेली जादू पेच निर्माण करू शकते, वाढवू शकते, माणसांना वेगळं पाडू शकते, किंमत मागू शकते, जग मोठं करू शकते. नायकाची सुटका मात्र तिने फुकटात करू नये. केली, तर त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक संकटात वाचक निर्धास्त होतो, कारण मघाशी आलं तसं पुन्हा काहीतरी येईल. भीती गेली की गूढही जातं, कारण दोघांचा पाया एकच आहे: काय होईल ते माहीत नसणं.

सुटका करायचीच असेल तर दोन वाटा आहेत. एक, ती शक्ती आधी कुठेतरी किरकोळ प्रसंगात, काहीच पणाला लागलेलं नसताना दाखवून ठेवायची, आणि मध्ये इतकं अंतर सोडायचं की वाचक ती विसरलेला असेल पण आठवण करून दिल्यावर ओळखेल. दुसरी वाट, सुटका झाली पण जे वाचलं त्याहून काहीतरी जड हातातून गेलं, असं करायचं. ही दुसरी वाट मला जास्त आवडते. तिच्यात जादू न कळताही तिचं वजन कळतं.

मधली जागा कशी असते हे पाहायचं असेल तर उर्सुला ल ग्विन यांचं १९६८ चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', म्हणजे अर्थसी मालिकेचं पहिलं पुस्तक वाचावं. तिथे जादूला नियम आहे आणि तो एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक वस्तूला आणि माणसाला खरं नाव असतं, ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. त्यामुळे तिथली माणसं आपलं खरं नाव जपतात आणि रोजच्या वापराला दुसरंच नाव ठेवतात. मोहही आवरावा लागतो, कारण एका बेटावर पाडलेला पाऊस दुसरीकडे दुष्काळ ठरू शकतो. इतकं सगळं ठरलेलं असूनही नावांत ही ताकद का आहे, हे त्या पुस्तकात उलगडून सांगितलेलं नाही. नियम उघडा आणि उगम झाकलेला. ज्यांना गूढ जादूची सवय नाही त्यांनी सुरुवात इथूनच करावी. पुस्तक बारीक आहे आणि एकही पान वाया गेलेलं नाही.

सुझाना क्लार्क यांच्या २००४ च्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' या जाडजूड कादंबरीत वेगळीच युक्ती आहे: तळटीपा. तळटीप म्हणजे खुलासा, अशी आपली समजूत. इथल्या टीपा जुन्या ग्रंथांचे हवाले देतात, हरवलेल्या जादूगारांच्या हकिगती सांगतात, आणि प्रत्येक टीप वाचून झाल्यावर आपल्याला आधीपेक्षा जास्त प्रश्न पडलेले असतात. कावळ्यांचा राजा म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या जादूगार राजाबद्दल पुस्तकभर इतकं कानावर येतं की तो जवळजवळ सगळ्या पानांवर आहे असं वाटतं, प्रत्यक्षात मात्र तो क्वचितच दिसतो. भरपूर माहिती देऊनही गूढ राखता येतं, फक्त माहितीने कडेकडेने फिरायचं, मधोमध जायचं नाही.

गूढ पात्रांकडे येऊ. इथे सगळ्यांत मोठी चूक अशी की लेखक पात्राचा भूतकाळ लपवताना त्याची इच्छाही लपवतो. भूतकाळ झाकलेला चालतो. पण या घडीला त्याला काय हवं आहे, हे वाचकाला दिसलं पाहिजे, निदान दिसल्यासारखं वाटलं पाहिजे. ज्याला काहीच हवं नाही असा डोक्यावरून कापड ओढलेला, कोपऱ्यात बसलेला, मोजकं बोलणारा अनोळखी माणूस म्हणजे नुसतं कापड आहे. एक कसोटी लावून पाहता येते. पात्राचं सगळं गूढ काढून टाका, त्याचा जन्म, वंश, ताकद सरळ सांगून टाका. आता उरलेल्या माणसाबरोबर एक संध्याकाळ घालवावीशी वाटते का? त्याच्या काही लकबी आहेत का, कशावर तरी तो चिडतो का, काही खायला-प्यायला, काही गायला आवडतं का? बॉम्बाडिलला गाणी आवडतात, पिवळे बूट घालतो, बायकोसाठी पाणकमळं घेऊन घरी निघालेला असतो. तो कोण हे उद्या कळलं तरी तो कमी होणार नाही.

दुसरी चूक दृष्टिकोनाची. गूढ पात्राच्या डोक्यात शिरून निवेदन करायचं आणि तरी त्याचं गुपित वाचकापासून लपवायचं, हे जवळजवळ कधीच साधत नाही. माणूस आपल्याच मनात आपल्याबद्दल कोड्यांत विचार करत नाही. म्हणून असं पात्र नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी दाखवावं, आणि शक्य झालं तर अशा कुणाच्या, जो त्याच्याविषयी थोडा चुकतो आहे. दोन पात्रांचे दोन वेगळे गैरसमज एकमेकांशेजारी ठेवले की मधल्या फटीत ते गूढ पात्र आपोआप उभं राहतं.

तिसरी चूक बोलण्याची. सगळ्या वाक्यांचे शेवट तोडलेले, प्रत्येक उत्तर म्हणजे उखाणा, "योग्य वेळ आली की कळेल". हे पाच पानांत कंटाळवाणं होतं. खरं गूढ पात्र साध्या प्रश्नाला साधं उत्तर देतं, पण त्या उत्तरात एखादा तपशील असा असतो की ऐकणारा थबकतो. "हा पूल कधी बांधला?" "दोन उन्हाळे लागले. नदी तेव्हा पलीकडून वाहायची." बोलणारा खरं तेच बोलतो आहे, त्यात आव नाही. नदीने पात्र बदलायला किती काळ लागतो याचा हिशेब वाचक स्वतःशी करतो, आणि तो हिशेब त्याचा त्याने केला म्हणून अंगावर काटा येतो.

जाणता माणूस सांगत का नाही, हाही नेहमीचा अडलेला मुद्दा. गुरूला सगळं माहीत असतं आणि तो सांगत नाही, कारण सांगितलं तर गोष्ट संपेल. हे कारण लेखकाचं झालं, गुरूचं नव्हे. गुरूला स्वतःचं कारण लागतं. त्याने कुणाला शब्द दिलेला असेल, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला असेल, सांगण्याचीच काही किंमत असेल, किंवा त्याला स्वतःला ते आठवायचं नसेल. टोल्कीन यांच्याच कादंबरीत, मोरिया या डोंगराखालच्या भुयारी नगरीच्या खाली, बुटक्यांनी खणलेल्या सर्वांत खोल भुयारांच्याही खाली, नाव नसलेल्या गोष्टी जगाला कुरतडत आहेत, असं तिथे कोसळून परत आलेला गॅन्डाल्फ सांगतो. अंगठी घडवणाऱ्या दुष्ट सॉरॉनलाही त्या ठाऊक नाहीत, त्या त्याच्याहून जुन्या आहेत. मी तिथून चालून आलो आहे, पण त्याचं वर्णन करून हा दिवसाचा उजेड काळा करणार नाही, असं म्हणून तो थांबतो. एवढं चार-पाच वाक्यांत संपतं. न सांगण्याचं कारण त्याच्या तोंडात आहे आणि ते पटणारं आहे. त्या गोष्टी पुढे कधीही येत नाहीत, आणि यायलाही नकोत.

या सगळ्याला मालिका मारक ठरते. एका पुस्तकाची मूठ झाकून ठेवता येते, सात पुस्तकांची फार अवघड. वाचक विचारत राहतात, पूर्वकथा लिहायची मागणी येते, जगाचा ज्ञानकोश निघतो. पडद्यावरचं एक उदाहरण इतकं स्पष्ट आहे की ते टाळता येत नाही. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये 'फोर्स' म्हणजे सगळ्या सजीवांनी निर्माण केलेलं, सगळं बांधून ठेवणारं एक ऊर्जाक्षेत्र, एवढंच एक म्हातारा सांगतो. १९९९ च्या भागात रक्ताच्या नमुन्यातले मिडिक्लोरियन, म्हणजे 'फोर्स'शी नातं जोडणारे सूक्ष्म जीव, मोजले जातात आणि एका मुलाचा आकडा वीस हजारांच्या वर निघतो. अनेक चाहत्यांना हे टोचलं, आणि ते का टोचलं हे नीट बघण्यासारखं आहे. जी गोष्ट मन शांत करून, श्रद्धा ठेवून कुणालाही हाती लागेल असं वाटत होतं, ती आता रक्ताच्या तपासणीत दिसणारी झाली. खुलाशाने गूढ गेलं एवढंच नाही, गोष्टीचा अर्थच दुसरीकडे वळला. न सांगितलेली जादू उघडी करण्याआधी लेखकाने हेच तपासावं: या कारणामुळे आधीच्या कोणत्या प्रसंगाचा अर्थ बदलतो?

वाचणाऱ्यांसाठी थोडं. पहिल्या वाचनात पुस्तकाच्या शेवटची परिशिष्टं आणि शब्दसूची उघडू नका. नेटवरच्या विकीचं तर नावच काढू नका, कारण तिथे पात्राच्या नावापुढे पहिल्याच ओळीत वंश, वय आणि मृत्यू मांडलेला असतो. नकाशा चालतो, उलट नकाशावरच्या ज्या भागात कथा कधीच जात नाही तो भाग मजेचा असतो. एखादी गोष्ट कळली नाही म्हणून लगेच मागे जाऊ नका. पन्नासेक पानं पुढे वाचा आणि तोवर तिच्याभोवतीची माणसं काय करतात ते टिपून ठेवा. दुसऱ्या वाचनात मात्र हवं तेवढं खोदा. चाहत्यांचे तर्क मला मनापासून आवडतात, बॉम्बाडिलबद्दल तर डझनभर आहेत. तो निसर्गाचा आत्मा इथपासून तो जगाचा निर्माता इथपर्यंत. त्यातला शेवटचा टोल्कीन यांनी स्वतःच नाकारला आहे. बाकीचे एकमेकांना खोडत बसतात. तर्क चांगला की वाईट हे ठरवायला एकच माप पुरतं: तो मानून पुन्हा वाचल्यावर तो पानभराचा प्रसंग मोठा होतो की लहान?

२००१ मध्ये पीटर जॅक्सन यांनी पहिल्या खंडावर चित्रपट काढला, त्यात बॉम्बाडिल नाही. कथानक कुठेही अडलं नाही. तो नको होता याचा हा पुरावा, असं काही जण म्हणतात. मला त्यातून दुसरंच दिसतं. तो कथानकाचा खांब नव्हताच. अंगठीहून मोठं असं काही या जगात नाही अशी आपली खात्री होत आलेली असते, नेमका तेव्हा तो भेटतो आणि ती अंगठी खेळण्यासारखी हवेत उडवतो. पुढचा सगळा अंधार वाचताना तो एक प्रसंग मनात कुठेतरी उजेड ठेवून असतो. चित्रपटाला ते काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागलं.

तिसऱ्या खंडात, युद्ध संपून सगळे घराकडे परतत असताना, गॅन्डाल्फ वाटेत थांबतो. फ्रोडो आणि त्याच्या मित्रांना, त्या ठेंगण्या हॉबिटांना, सांगतो की तुमचं तुम्ही आता निभावाल. मला बॉम्बाडिलशी बोलायचं आहे, खूप वेळ, आजवर कधी बोललो नाही इतकं. तो एका जागी बसून शेवाळ धरणारा, आणि मी आयुष्यभर गडगडत राहिलेला दगड. मग घोडा वळवून तो रस्ता सोडतो आणि निघून जातो. ते दोघं काय बोलले, ते कुठेही लिहिलेलं नाही.